ज्या घरचा चहा सोडला, ते घर आधी

सोयगावच्या शाळेतून माझी बदली शहरात झाली आणि आम्ही पडेगावात बिऱ्हाड थाटले, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच रविवारी चर्चमध्ये उपासनेला गेलो आणि नवख्या माणसाने बसावे तसा अगदी मागे, दाराशी बसलो. आशीर्वाद होतो न होतो तोच पांढऱ्या सुती साडीतल्या एक उंच बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "नवीन का? मागं बसलात ते बरं केलं. सतरंज्या मागूनच गुंडाळाव्या लागतात," असे म्हणून त्यांनी सतरंजीचे एक टोक माझ्या हातात दिले. श्रीमती एस्तेरबाई साळवे, म्हणजे आम्हा सर्वांच्या मेट्रनबाई, यांच्याशी माझा परिचय झाला तो असा. त्या दिवसापासून आमच्या मंडळीच्या सतरंज्या माझ्याकडेच आहेत.

बाई सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून लागल्या आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. निवृत्ती कागदावर झाली, आवाजात झाली नाही. माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले तेव्हा त्या रोज दुपारी उन्हातून डबा घेऊन येत. पत्नीला मऊ भात, मला भाकरी आणि ठेचा. एकदा मी भूक नाही म्हणालो. "भूक हाय का म्हणून इचारलं का मी, मास्तर? खा, अन् डबा धुऊन द्या." मी जेवलो आणि नळावर डबा धुताना मला रडू आले. हे त्यांना कधी सांगितले नव्हते, आज या गौरवग्रंथाच्या निमित्ताने सांगून टाकतो.

पण आमच्या वस्तीला बाईंचा खरा अभिमान आहे तो चर्चच्या नव्या इमारतीसाठी. जुने चर्च पत्र्याचे. उन्हाळ्यात आत बसवत नसे आणि नाताळला निम्मी मंडळी बाहेर मांडवात. नवे बांधायचे ठरले तेव्हा कमिटीतल्या जाणत्यांनी मुंबईचा एखादा मोठा दाता गाठण्याची युक्ती काढली. बाई मागून म्हणाल्या, "मुंबईच्या माणसानं बांधलेल्या चर्चमधी आपण काय पाव्हणे म्हणून बसायचं व्हय?" आमच्याकडे बोलेल त्याच्या गळ्यात काम पडते. निधीच्या मोहिमेच्या प्रमुख म्हणून त्यांची निवड एकमताने झाली, कारण दुसऱ्या कुणालाच ती नको होती.

त्यांनी गल्लीवार गटप्रमुख नेमले. सगळे बिनपगारी, दिवसभर आपापली कामे करून संध्याकाळी हिंडणारे. पहिल्या बैठकीत बाईंनी दोन नियम सांगितले. दुसऱ्याकडे मागण्याआधी आपला हिस्सा आपण टाकायचा, हा पहिला. यावर कुणाची तक्रार नव्हती. दुसरा नियम ऐकून मात्र खुर्च्या सरकल्या. "ज्या घरचा चहा तुम्ही सोडलाय, त्या घरी आधी जायचं. अन् पहिल्या भेटीत वर्गणीचं नाव काढायचं नाय."

"मग बाई, पैसे कसे जमायचे?" मी विचारले.

"रुसलेल्याचा पैसा चालतो ना आपल्याला? मग रुसलेला माणूस बी चालला पायजे."

माझे रुसलेले घर घुल्यांचे. नाताळच्या नाटकात मी त्यांच्या मुलाला बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा केले होते, ते त्यांना फार लागले होते. मी गेलो, ओट्यावर बसलो. चहा आला. घुले भिंतीकडे बघत बसले आणि मी कपाकडे. निघताना ते हळूच म्हणाले, "मास्तर, यंदा पोराला काय करणार?" मी म्हणालो, "योसेफ." पोराला येशूच्या पालकाची भूमिका मिळाली आणि दुसऱ्या आठवड्यात घुले आमचे गटप्रमुख झाले. असे घरोघर घडू लागले. एरवी एकमेकांना पाहून रस्ता बदलणारी माणसे खडीच्या ढिगाशी उभी राहून गप्पा मारू लागली. पाया भरला, खांब उभे राहिले.

आणि तिथेच काम अडले. स्लॅबला लागणारे सेंट्रिंगचे सामान, म्हणजे ओल्या काँक्रीटला खालून आधार देणाऱ्या लोखंडी प्लेटा, भाड्याने परवडेना. ते सामान पलीकडच्याच गल्लीत रचून ठेवलेले होते, याकोबरावांच्या अंगणात. सेंट्रिंगचा धंदा करणारे याकोबराव म्हणजे बाईंचे धाकटे सख्खे भाऊ, आणि बहीणभावाचा अबोला साऱ्या मंडळीला ठाऊक होता.

तो अबोला हंगामाच्या सणातला. आमच्यात पहिले पीक चर्चला आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कोथिंबिरीची जुडी सोन्याच्या भावाने जाते आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यांची आई वारली त्या वर्षी तिच्या परसातल्या वेलाचा एक भोपळा लिलावात आला. आईची आठवण म्हणून तो दोघांनाही हवा होता. बोली चढत गेली, टाळ्या थांबल्या. शेवटी याकोबराव ओरडले, "आईला म्या सांभाळलं. भोपळा बी माझाच!" बाई खाली बसल्या. पुढे कित्येक वर्षे त्या चर्चला लांबच्या रस्त्याने येत राहिल्या, कारण जवळचा रस्ता भावाच्या दारावरून जात होता.

कमिटीने त्यांना भावाकडे जाण्याविषयी सुचवून पाहिले. बाईंनी ठणकावले, "लोखंडासाठी भावाकडं जाऊ? त्यापरीस स्लॅब नको." पुढच्या बैठकीत घुले उठले. त्यांचा स्वभाव सरळ, जिभेला हाड नाही. "बाई, तुमी आमाला सगळ्यांला धाडलं. तुमी कोणाकडं गेला?" दोघा गटप्रमुखांनी तर आधीच मला बजावले होते की बाई स्वतः जात नसतील तर आम्हीही फिरणार नाही. सगळी मोहीम त्या एका प्रश्नावर टांगली गेली. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "मास्तर, उठा. चला माझ्यासंगं. नियम मला बी लागू हाय ना?"

आम्ही गेलो. याकोबराव दारातच होते.

"सामानापायी आलीस व्हय?"

"नाय. चहा प्यायला."

याकोबराव दारातून बाजूला झाले. म्हणाले, "साखर चालती का तुला?"

"शुगर हाय. पण आज घाल."

अंगणात सेंट्रिंगच्या प्लेटा रचल्या होत्या आणि त्यांच्यावरून भोपळ्याचा एक वेल थेट कौलांवर गेला होता. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. याकोबराव चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आईचाच हाय. त्यो भोपळा मला खाववला नाय अक्का. बी धरलं. दरसाल लावतो." बाईंनी कप खाली ठेवला. "आईला तूच सांभाळलंस याकोबा. खरंच हाय ते. मी ड्युटीवर होते." हुकमाशिवाय दुसरे काही न बोलणाऱ्या आमच्या बाई मान खाली घालून रडल्या. मी उगाच वेलाची पाने मोजू लागलो.

प्लेटांचा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही, पुढेही काढायचा नाही असे मला रस्त्यात बजावण्यात आले. काही दिवसांनी सकाळी टेम्पो येऊन चर्चसमोर उभा राहिला. याकोबराव स्वतः प्लेटा उतरवत होते आणि भाडे विचारणाऱ्याला शिव्या घालत होते. स्लॅबच्या दिवशी सगळी मंडळी घमेली घेऊन रांगेत उभी होती. बाई गुडघे दुखत असूनही रांगेच्या सुरुवातीला उभ्या होत्या आणि घाई करणाऱ्यांना दम भरत होत्या.

यंदा हंगामाचा सण नव्या इमारतीत झाला. लिलावात भोपळा आला तेव्हा कुणीच तोंड उघडेना. बाईही गप्प. अखेर पुढच्या बाकावरून याकोबराव ओरडले, "बोल की गं अक्का!" बाईंनी बोली लावली. त्यांनी वाढवली. बाईंनी आणखी चढवली. आम्हाला हसावे की घाबरावे कळेना. शेवटी बाई म्हणाल्या, "घे बाबा, तूच घे. पण भाजी मी करणार, अन् समदे माझ्याकडं जेवायला." नव्या छताखाली टाळ्या घुमल्या तेव्हा माझा ऊर अभिमानाने भरून आला. या माणसांमधले आपण एक आहोत, याचा तो अभिमान होता.

मेट्रनबाई पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. प्रभूने त्यांचे गुडघे सांभाळावेत, साखर आटोक्यात ठेवावी आणि आवाज आहे तसाच ठेवावा. जवळच्या रस्त्याने त्यांनी पुष्कळ वर्षे चर्चला यावे, आणि दर हंगामाला भोपळ्याच्या लिलावात धाकट्या भावाकडून असेच हरत राहावे, हीच आम्हा सर्वांची प्रार्थना.