आठव्या नंबरची हाक

धोंडू जाऊन आठ महिने झाले तरी गंगारामदादा दर शनिवारी त्याचा नंबर पुकारत होते. "सात," म्हटलं की सातव्या माणसाची काठी फरशीवर एकदा वाजायची. मग "आठ." त्यानंतर काहीच नाही. डोक्यावर पंखा कुरकुरायचा, मैदानात एखादा कावळा ओरडायचा आणि आम्ही दहाजणं श्वास धरून बसायचो. दादा तेवढ्या वेळात कशाची वाट बघतात ते आम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर भीती वाटायची. बऱ्याच वेळाने ते "नऊ" म्हणायचे, मग सगळे एकदम हलायचे आणि बाकं वाजायची.

मी तीन नंबर, रेणुका. लांज्याच्या प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं आणि मग नजरेचा मधला भाग गेला. समोरचं काही दिसत नाही, कडेचं मात्र पुसट दिसतं. म्हणजे एखाद्या माणसाला बघायचं तर मला त्याच्या शेजारच्या भिंतीकडे तोंड करावं लागतं. लोकांना वाटतं, बाई शिष्ट आहे. शिष्ट मी आधीपासूनच आहे, त्यात डोळ्यांचा काही दोष नाही.

गंगाराम जाधव हे नाव रत्नागिरीत फारसं कुणाला ठाऊक नसेल, पण आवाज निम्म्या जिल्ह्याच्या ओळखीचा. एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. लांजा, पावस, देवरूख, कुठलीही गाडी लागली की भोंग्यातून त्यांचा आवाज यायचा आणि फलाटावर झोपलेला माणूससुद्धा पिशवी उचलून धावायचा. गाडी वेळेवर सुटली पाहिजे, हा त्यांचा धर्म. मग काचबिंदूने डोळे गेले. ते कळायलाच उशीर झाला होता. मुदतीआधी नोकरी सोडावी लागली आणि दोन वर्षं ते घराच्या पायरीवर बसून राहिले.

ते म्हणायचे, "बाई, आंधळ्या माणसाला लोक जेवण देतात, औषध देतात, लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची देतात. खेळायला कोणी बोलावत नाही."

म्हणून त्यांनी शनिवार सुरू केला. शनिवारी शाळा सकाळची असते. पोरं घरी गेली की एका शाळेने आम्हाला खालचा एक वर्ग चार ते सहा वापरायला दिला. पत्त्यांना टाचणीने भोकं पाडून खुणा केल्या. बुद्धिबळाच्या पटाला भोकं होती, त्यात सोंगट्या खोचायच्या. मैदानात छर्रे भरलेल्या चेंडूने क्रिकेट खेळायचं. मी पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा बॅट हातात धरली. पहिलाच चेंडू नडगीवर बसला, पण काय हसले होते मी त्या दिवशी.

धोंडू मयेकर आठ नंबर. पूर्वी जहाजावर खलाशी होता, पुढे साखरेने नजर नेली. मेंढीकोट खेळताना टाकलेलं पान मोठ्याने सांगायचं, हा आमचा नियम. हा पठ्ठ्या दुर्री टाकून बादशहा म्हणायचा. पकडला की म्हणायचा, "मला थोडंच दिसतंय." दादा दुसऱ्या कुणाला फाडून खातील, पण धोंडूच्या लबाडीवर पोट धरून हसायचे. धोंडू त्यांना एकेरी हाक मारायचा आणि तेवढी मुभा त्याला एकट्यालाच होती.

हजेरीची पद्धत दादांची. डोळस माणूस नजर फिरवून माणसं मोजतो. आमच्यात गप्प बसलेला माणूस असून नसल्यासारखा. म्हणून प्रत्येकाला नंबर. दादा हाक मारणार, ज्याचा नंबर त्याने काठीचा एक ठोका द्यायचा. एक नंबर दादा स्वतः. ते नुसतं "एक मी" म्हणायचे आणि पुढे जायचे. नुसत्या ठोक्यावरून ते हात ओळखायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, आज मनगट दुखतंय काय?" दुखत होतं.

जानेवारीत आम्ही पूर्णगडला सहलीला गेलो. धोंडूचं आजोळ तिथलं. गडाच्या पायऱ्या, समुद्राकडचा दरवाजा, तटाची कड, सगळं त्याने आम्हाला हाताने दाखवलं. संध्याकाळी गडाखाली गाडीत बसलो. ड्रायव्हर अभय म्हणाला, "काका, मी मोजून घेतो." दादांना ते लागलं. "आमची माणसं आम्ही मोजतो," असं म्हणून ते गाडीच्या दारात उभे राहिले आणि स्टँडवरच्या आवाजात त्यांनी हजेरी घेतली. इंजिन सुरू होतं. "आठ" म्हटल्यावर ठोका वाजला. मी स्वतः ऐकला. बारापर्यंत नंबर झाले आणि गाडी सुटली.

पावसला चहाला थांबलो. अभयचा सोडून बारा कप आले आणि एक उरला.

आम्ही मागे गेलो तेव्हा धोंडू तटाच्या पायऱ्यांखाली पडलेला होता, डोक्याला मार लागून. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. अपघात म्हणून नोंद झाली. गावात लोक म्हणाले, आंधळ्यांनी आंधळ्यांना घेऊन गडावर जायचंच कशाला. असं म्हणणाऱ्यांच्या तोंडाला लागायची मला फार इच्छा होती, पण कोणत्या तोंडाने लागणार? आमच्यातला एक माणूस मागे राहिला आणि त्याचा ठोका आम्ही अकराही जणांनी ऐकला होता.

ठोका कोणी दिला? दादांनी प्रत्येकाला शपथेवर विचारलं. कोणीही कबूल होईना. एकजण म्हणाला, धोंडूचा हात गाडीत आधी येऊन बसला असेल. कोणी हसलं नाही.

दादा म्हणाले, "ज्यानं दिलान, त्यानं एकदा परत द्यावा. मी हात ओळखीन. धोंडू येतोच आहे असं समजून दिला असेल तर मी काय फासावर देणार नाही. मला एवढंच कळू दे, माझ्या कानांनी माझा दोस्त मारला की दुसऱ्या कोणाच्या हातानं."

तेव्हापासून दर शनिवारी "आठ" आणि ती शांतता. दादा वाळत चालले. पत्त्यांत त्यांचं मन लागेना, चेंडू खुळखुळत जवळून गेला तरी बॅट हलेना. दोघंजण तर म्हणाले, आता आम्हाला शनिवार नको. धोंडूच्या बाकावर कोणी बसत नव्हतं. सीता, आमची पाच नंबर, एकदा चुकून त्याला हात लावून दचकली. म्हणाली, "बाई, बाक गरम लागतंय." उन्हाने तापलं असेल, असं मी म्हटलं. त्या बाजूला खिडकी नाही, हे मला घरी गेल्यावर आठवलं आणि त्या रात्री मी आतला दिवा मालवला नाही. दिव्याचा मला उपयोग किती ते सोडा.

सप्टेंबरात मृणाली आली, पंचविशीतली, तेरावी. पहिल्याच दिवशी तिने दादांची नक्कल केली. लहानपणी स्टँडवर ऐकलेली घोषणा जशीच्या तशी, शेवटच्या खोकल्यासकट. वर्ग हसून लोळला. दादाही हसले. आठ महिन्यांनी मी त्यांचं हसू ऐकलं आणि मला रडू यायला लागलं. त्याच भरात त्यांनी हजेरी सुरू केली, भराभर, जुन्या वेगाने. "पाच. सहा. सात. आठ."

ठक.

हसणं जागच्या जागी थांबलं. पंखा तेवढा फिरत होता. सीताने माझा दंड धरला, तिची नखं रुतली.

"परत वाजव," दादा म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण ते जेमतेम ऐकू आलं. "आठ. परत वाजव."

कोणी वाजवलं नाही. सीता तोंडातल्या तोंडात म्हणाली, "धोंडूभाऊ आलेत." मृणालीला काहीच ठाऊक नव्हतं. ती विचारत राहिली, काय झालं, कोण आलंय.

मला दिसलं होतं. मी तेव्हा फळ्याकडे तोंड करून बसले होते, त्यामुळे नजरेच्या कडेला दादा होते. "आठ" म्हटल्यावर क्षणभर उत्तर आलं नाही आणि त्यांचा उजवा हात काठीसकट वर गेला आणि खाली आला. त्यांचा त्यांनाच पत्ता नव्हता. ताल मोडू नये, गाडी सुटायला उशीर होऊ नये, एवढंच त्या हाताला ठाऊक. भुताला मी भ्याले नसते तेवढी त्या हाताला भ्याले.

हे त्यांना सांगायचं? जो माणूस आठ महिने खुनी हात शोधतोय, त्याला म्हणायचं, तो तुमच्या खांद्याला आहे? मी शिष्ट असेन, पण दगड नाही.

"मी वाजवली," मी म्हटलं. "तेव्हा गाडीतही मीच. तो मागून चढतोय असं वाटलं मला."

कोणीतरी सुस्कारा सोडला. दादांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "बाई, एक ठोका द्या."

मी दिला.

"खोटं बोलताय. तुमची काठी आधी घासते, मग वाजते." मग त्यांनी एकेकाला ठोका द्यायला लावलं. दोनपासून बारापर्यंत, सावकाश, आठ गाळून. प्रत्येक ठोक्यानंतर ते "नाही" म्हणत होते. मृणालीलाही द्यायला लावला. ती तर त्या सहलीला नव्हतीच, पण त्यांनी तिलाही सोडलं नाही. "नाही." मी पुन्हा फळ्याकडे तोंड वळवलं. ते डाव्या हाताने आपला उजवा हात चाचपत होते, मनगट, बोटं, काठीची मूठ.

"सगळ्यांचे हात माझ्या ओळखीचे," ते म्हणाले. "एकच हात मी कधी ऐकला नाही."

त्यांनी आपल्या काठीचा एक ठोका दिला. तो तोच होता. आम्हाला सगळ्यांना कळलं.

"तुम्हाला दिसलं होतं ना, बाई?"

"आत्ताचं दिसलं. गाडीतलं नाही."

"गाडीतलं मी ऐकलंय," असं म्हणून त्यांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि हजेरी तिथेच सोडली.

पुढचा शनिवार त्यांनी बंद ठेवला. असं कधी झालं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला रिक्षा करून आम्ही दोघं मांडवीला धोंडूच्या घरी, त्याच्या बायकोला भेटायला गेलो. दादा मला म्हणाले, "सखूवहिनी जे बोलतील ते मी ऐकून घेणार. तुम्ही मध्ये पडायचं नाही." मी हो म्हटलं, तरी मध्ये पडायचं मी मनात ठरवूनच गेले होते.

सखूवहिनींनी पाणी दिलं. दादांनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं. ठोका माझा होता, तो दिला नसता तर आठ नंबर नाही हे तिथेच कळलं असतं, धोंडू वेळेत सापडला असता. बोलताना त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. बोलून झाल्यावर मात्र हातातला पेला ठेवायला त्यांना जागा सापडेना. मी तो घेतला.

आतल्या खोलीत घड्याळाचे चार टोले पडले. तशा वहिनी उठल्या. दार लावल्याचा आवाज आला, मग वरची कडी, मग खालची. त्या परत आल्या नाहीत, तिथेच दाराला पाठ लावून खाली बसल्या. भर उन्हाची वेळ, बाहेर रस्त्यावर माणसांची जा-ये चाललेली आणि ही बाई कड्या घालून बसलेली.

"वहिनी, दार का लावलंत?" मी विचारलं.

"शनवार ना आज."

दादा म्हणाले, "मी काय सांगितलं ते ऐकलंत ना, वहिनी? ठोका माझा होता."

"ऐकलं. ठोक्याचं काय घेऊन बसलाव, भावोजी? तुमचा असो, नायतर आणि कोणाचा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "हे तिसऱ्या दिवशी जरा शुद्धीवर आले, तेव्हा एकच बोलले. मी तटावर दर्या ऐकत बसलेलो. खालून गंगारामाची हाक आली, आठ म्हणून. म्हणून घाईत उठलो नि पाय गेला."

दादांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली.

"सीता मला सांगते ना, दर शनवारी तुम्ही अजून पुकारताव म्हणून. चार वाजले की मी कड्या घालते. साडेचार होईपर्यंत अशी बसते, उठत नाय. तुमची हाक आली की ह्यांना कधी राहवलंय? निघायचेच." वहिनींनी खालची कडी पुन्हा चाचपली. "आता तरी पुकारू नका, भावोजी. किती वेळा पडायचं त्यांनी?"

दादा "नाही पुकारणार" असं पुटपुटले. आम्ही दोघंही उठलो नाही. साडेचारपर्यंत वहिनी दाराशी बसून राहिल्या.