चार दारांची गाडी

तुमच्या गावच्या ठेकेदाराच्या गाडीला दारं किती आहेत, हे तुम्ही कधी मोजलंय का?

दोनच असतील. एक चालकाचं, एक मुकादमाचं. बाकीची माणसं खडीवर, पिंपांवर, फावड्यांवर बसतात आणि आपण गाडीला वाट देऊन आपल्या कामाला लागतो. मीही तशीच होते. पण आमच्या सोलापुरात चार दारांची एक पिकअप होती. ती दोन दारांची झाली तेव्हा मी तिथे होते.

गाडी जुनी, परदेशी बनावटीची. चालकाच्या बाकामागे तेवढाच लांब दुसरा बाक, त्याला दोन्ही बाजूंनी दारं, काचा, वर छप्पर. त्यामागे मालाचा उघडा हौदा. माझे वडील मोटारींच्या बॉडीचं काम करणारे मिस्त्री. ते सांगायचे, तिकडे रेल्वेच्या, जंगलाच्या, तारा ओढणाऱ्या टोळ्यांसाठी अशा गाड्या बनवत. टोळी आत, सामान मागे. मुळातच त्या थोड्या बनल्या. आपल्याकडे एखाद्या सरकारी कामावर एखादी यायची, काम संपलं की लिलावात जायची. घेणारा आधी मागची केबिन कापायचा आणि हौदा वाढवायचा.

"म्हणून दिसत न्हाईत," वडील म्हणायचे. "मोडल्या न्हाईत त्या. कापल्या."

आमच्याकडच्या ठेकेदाराने ती लिलावातच घेतली होती. पहिला उन्हाळा त्याने ती तशीच चालवली. त्याच्या रस्त्याच्या कामावर माझी आई होती, शेजारची मावशी होती आणि आणखी तीन बायका. रोज सकाळी नाक्यावरून मोहोळच्या बाजूला जायचं.

पहिल्या दिवशी पाचही जणींनी चपला रस्त्यावर काढल्या आणि मग आत चढल्या. गादी, छप्पर, दार असलेल्या जागी पायताण घालून कोण शिरतं? चालकाला हसू आलं.

"देवळात चाललाय का काय गं? घाला की चपला."

"देवळात आमाला कोण बसू देतंय, दादा," मावशी म्हणाली. "हितं गादी तरी हाय."

या बोलण्यात गाडी सुटली. चपला नाक्यावरच राहिल्या. त्या दिवशी पाचही जणींनी तापलेल्या डांबराच्या कडेला पायांना गोणपाट बांधून काम केलं. संध्याकाळी आई तळव्यांना खोबरेल चोळत मावशीला चिडवत होती, "लई मोठी गादीवाली." दुसऱ्या दिवसापासून मावशीने नियमच केला. सगळ्यात शेवटी ती चढायची आणि सगळ्यांच्या चपला उचलून आत घ्यायची. चपला घालून मात्र कुणी चढलं नाही.

आमच्या घरात देवांच्या तसबिरी नव्हत्या, कामगार संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा होता. वडील जेवणाआधी एक पत्रक मोठ्याने वाचत. राबणाऱ्याचा हक्क, राबणाऱ्याचा मान. मी अक्षरं त्यांवरच शिकले.

पावसाळा सरल्यावर ठेकेदार गाडी घेऊन वडिलांच्या कारखान्यात आला.

"मिस्त्री, ही मागची खोली काढून टाका. डांबराची दोन पिंपं जास्त बसतील."

"आन् बायका, मालक?"

"बसतील की पिंपांवर. कुठं विलायतेला जायचंय?"

त्या संध्याकाळी वडिलांनी पत्रक वाचलं नाही. मी नववीत होते, जीभ तिखट होती. मी विचारलं, "आबा, आज हक्काला सुट्टी का?"

भाकरी मोडत ते म्हणाले, "मी न्हाय कापली तर दुसरा कापंल. तो वाकडी कापंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले. त्यांनी खडूत घोळलेल्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताणून धर." मी धरली. त्यांनी दोरी मधोमध उचलून सोडली. छपरावर पांढरी रेघ उठली, अगदी सरळ. त्याच रेघेवर गाडी कापली गेली. ठेकेदाराने कामाचं कौतुक केलं.

त्यानंतर बायका हौद्यात पिंपांवर बसू लागल्या. आता चपला काढायचं कारण नव्हतं, पण मावशीची सवय गेली नाही. ती अनवाणी चढायची आणि आपला जोड हातात धरून बसायची. एका सकाळी मोहोळच्या अलीकडे चालकाने ब्रेक दाबला आणि पिंप सरकलं. आई सांगते, मावशीने एका हाताने आधार शोधला. दुसऱ्या हातात चपला होत्या. ती रस्त्यावर पडली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेली.

ठेकेदार मावशीच्या दारावर आला. म्हणाला, "चपला कसल्या धरायच्या? गाडी धरायची."

वडील मान खाली घालून उभे होते. मला एवढी पत्रकं पाठ होती, त्यांतला एक शब्द तोंडातून निघाला नाही.

कापलेली केबिन अजून कारखान्याच्या मागे बाभळीखाली पडून आहे. तिची दोन दारं शाबूत आहेत. वारा सुटला की त्यांतलं एक उघडतं आणि मिटतं, कुणीतरी शेवटी चढून ओढून घ्यावं तसं. आवाज आला की वडील हातोडा खाली ठेवतात. आई तिकडून जाताना चपला काढते, हातात घेते आणि केबिन मागे पडल्यावरच पुन्हा घालते. माझ्या बोटांना मात्र अजून ती दोरी लागते, ताणलेली.

तुमच्या गावात कुठल्या शेडमध्ये अशी गाडी उरली असेल तर ती कापू देऊ नका. आणि ती नसेलच, तर उद्या सकाळी नाक्यावर उभे राहा. पिंपांवर बायका बसवून गाडी निघाली, की हात आडवा करून थांबवा आणि चालकाला विचारा, यांचं दार कुठाय? उत्तर मिळेपर्यंत वाट सोडू नका.