दुमडलेली बाही

इंदूरच्या बड़ा गणपतीजवळच्या गल्लीतली पंचशीला अठरा वर्षं न्यायवैद्यक प्रयोगशाळेत सहायक आहे. आजोबा महूच्या पलटणीतले. खिसे उलटे केल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही, ही त्यांची शिस्त तिच्या हाडीमाशी मुरलेली. पोलिसांकडून आलेलं पुडकं घ्यायचं, लाखेचं सील सोबत आलेल्या शिक्क्याच्या नमुन्याशी ताडायचं आणि पांढऱ्या कागदावर ते उघडायचं, हे तिचं काम. केस, काच, माती, रक्ताळलेलं कापड, काय काय निघतं! तपासणारे वेगळे, पण वस्तूवर पहिली नजर पडते तिची. घरी कुणी विचारलं, "आज काय आलं होतं?" तर उत्तर ठरलेलं, "कागद."

दिवाळी सरली आणि हवालदार नीरज एक शर्ट घेऊन आला. सील उघडताच साबणाचा वास आला.

"नीरज भिया, हा तर धुतलेला आहे!"

"क्या करें दीदी, माँ ने धो डाला. रस्सी पे सूखता मिला."

पाडव्याच्या संध्याकाळी शहरात झटापटीत गावठी कट्टा उडाला होता आणि एकाच्या दंडाला गोळी चाटून गेली होती. संशय देवांशवर, वय तेवीस. त्याच्या डाव्या बाहीला काळ्या कडांचं भोक. तो म्हणत होता, मी शहरापासून दूर, गौतमपुऱ्याला हिंगोट बघत होतो. तिथे पाडव्याला दोन बाजूंचे गडी एकमेकांवर पेटते हिंगोट सोडतात. हिंगोट म्हणजे सुकवून पोखरलेलं फळ, आत फटाक्याची दारू, तोंडाला पिवळी माती, मागे बांबूची काडी. त्यातलंच एक बाहीत घुसलं, असं त्याचं म्हणणं. पण हजारोंच्या गर्दीत त्याला पाहिलं कुणी? आई अंबिका ठाण्यात एकच सांगत होती, "दाग देखा तो धो दिया साब, मुझे क्या मालूम!"

तपासणी करणाऱ्या वसुधा मॅडम नाशिकच्या, तीन वर्षांपूर्वी इंदूरला आलेल्या. शर्ट पाहून त्यांनी चष्मा काढला. "पंचशीलाताई, यावर बंदुकीचे कण सापडले नाहीत, तरी पोरगा सुटत नाही. धुण्यात गेले, असंच म्हणतील."

पंचशीलाचं लक्ष बाहीकडे होतं. कोपरापर्यंत गुंडाळलेली, घड्या घट्ट.

"मॅडमजी, शर्ट धुतलाय. बाही नाही धुतली."

"म्हणजे?"

"आमचा पोरगा स्वप्निल अशीच बाही गुंडाळून शर्ट बादलीत टाकतो. रोज चिल्लाते मी त्याच्यावर! साबण वरून फिरतो, आतला मळ आतच बसतो."

मॅडम हसल्या. आधी फोटो झाले, मग चिमट्याने एकेक घडी उघडली. भोक तिन्ही थरांतून आरपार गेलं होतं. शेवटच्या घडीतून कागदावर पिवळ्या मातीचे खडे पडले, कोळशाची भुकटी, फळाच्या कवचाचे तुकडे आणि नखाएवढी बांबूची कपची.

पंचशीलाने श्वास रोखून धरला होता. एक शिंक आली असती तर सगळं उडालं असतं!

पुढचं काम मॅडमचं. विरघळणारं पाण्याबरोबर गेलं होतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली भोकाची कड जळालेली दिसली, गोळीने फाटल्यासारखी नाही. घडीच्या आत, जिथे साबण पोचलाच नव्हता, तिथे काडतुसातलं शिसं, बेरियम, अँटिमनी यांचा कणही नव्हता. गौतमपुऱ्याहून मागवलेल्या हिंगोटाशी माती आणि कवच जुळलं. अहवाल बंद पाकिटात गेला. ज्या माउलीचा जीव टांगणीला लागला होता, तिला एक शब्द कळवायची मुभा पंचशीलाला नव्हती. तीन आठवडे ती घरी स्वप्निलच्या बाह्या मुकाट उघडत राहिली.

मग एक दिवस नीरज दुसरं पुडकं घेऊन आला. सही करता करता म्हणाला, "दीदी, वो शर्टवाला लड़का छूट गया. कट्टेवाला दूसरा ही निकला."

पंचशीला स्टुलावर बसली. टेबलावरचा चहा कधीचा गार झालेला, तोही तिने गटागटा पिऊन टाकला.

"और सुनो," नीरज हसत म्हणाला, "उसकी माँ पूछ रही थी, शर्ट कब मिलेगा? बोली, अब ठीक से धोऊँगी, बाँह खोल के."

"तिला सांग," पंचशीला पदराने डोळे टिपत म्हणाली, "शर्ट कोर्टातून मिळेल. आणि धुवायचं काम आता त्या पोरालाच दे म्हणावं!"