पेपर होईपर्यंत भांडण बंद

मापारीण काकूंना भांडायला कारण लागत नसे, पैसा लागे. तोही मोठा नको. एका नव्या पैशावर त्या सकाळपासून जिनिंग गिरणीच्या दुपारच्या भोंग्यापर्यंत भांडू शकत. काका खामगावच्या कापूस बाजारात मापारी, म्हणून त्या मापारीण काकू. वडिलांच्या ओळखीवर मी साखरखेर्ड्याकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो आणि त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी हायस्कूलची पायरी चढलं नव्हतं. या घरात मी फुकट जेवलो, हे आधीच सांगून टाकतो.

नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, पण काकूंचा हिशेब आण्यातच चाले. दोन आणे म्हणजे बारा पैसे, हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही.

"दोन आण्याचे साडेबारा होतात. अर्धा पैसा कुठी गेला?"

"सरकारनं अर्धा पैसा काढलाच नाही वं!" काका म्हणत.

"सरकारनं नाही काढला, तुम्ही काढला. बिडीत गेला तो."

"अर्ध्या पैशाची बिडी कोण देते?"

"मागून पाहा. तुमचं तोंड पाहून कोणीबी देईन."

मी पुस्तकाआड तोंड लपवून हसत असे.

काका दिवसभर काट्यावर उभं राहून वजन ओरडून सांगत. लिहून घेणारा दुसरा असे. घरी लिहिणारा कोणी नव्हता, ओरडणं तेवढं होतं. काकांना मजुरी किती मिळाली, काकूंच्या पापडाचे किती आले, किराणा कोणी द्यायचा, भाडं कोणी, हे सगळं त्या गलक्यात निघे आणि ठरूनही जाई. मला हे कळायला फार उशीर लागला.

एकदा आम्ही तिघं शेगावला गेलो. देवाच्या वाटेवर भांडायचं नाही म्हणून दोघं दिवसभर अगदी गोड होते. परतीच्या गाडीत उघड झालं, की काकांनी दानपेटीत आठ आणे टाकले होते आणि काकूंनीही, एकमेकांना न सांगता, आठ आणे टाकले होते. जलंब येईपर्यंत डब्यातल्या लोकांची करमणूक झाली. "एका घरचं दान दोन खेपा?" काकू म्हणाल्या. "सकाळीच भांडून घेतलं असतं त हा घोळ झाला नसता!" सगळे हसले. मीही हसलो.

त्यांचं एकच मोठं स्वप्न होतं. खोलीचा मालक दर दिवाळीला खाली करा म्हणून तगादा लावी. त्या जाचाला कंटाळून त्यांनी नांदुऱ्याच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याकडून छोटा प्लॉट हप्त्यानं घेतला होता. हप्ता कधी काका भरत, कधी काकू. या महिन्यात कोणी, ते भांडणात ठरे. घराचा पाया अजून खणायचा होता, पण चुलीचं तोंड कुठे असेल यावरून दोघांचे दोन पक्ष होते.

माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. होळीच्या सुमारास एका संध्याकाळी दोघांचं जुंपलं, तेव्हा मी पुस्तक घेऊन अंगणात गेलो. रागावून नव्हे, वाचलेलं डोक्यात शिरेना म्हणून. काकू बोलता बोलता थांबल्या.

"आजपासून भांडण बंद. पोराचे पेपर होईपर्यंत."

"मी कुठी सुरू केल्तं?" एवढं म्हणून काकाही गप्प झाले.

आणि खरोखरच घर शांत झालं. दोघं एकमेकांशी दबकून बोलू लागले. भांडं पडलं तरी काकू माझ्याकडे पाहून जीभ चावत. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शेवटचा पेपर देऊन आलो त्या दिवशी काकूंनी भजी तळली, कढई उतरवली आणि पदर खोचला.

"हं, बोला आता. मधले हप्ते भरले न तुम्ही?"

"मी? पापडाचे पैसे तुह्याजवळ होते. तू भरले न?"

"मले वाटलं तुम्ही भरून राह्यले."

"मले वाटलं तू."

काका चपला घालून तसेच निघाले, मागून काकू. व्यापारी म्हणाला, हप्ते बंद झाले, तुम्ही दिसले नाही, मी समजलो सौदा सोडला. प्लॉट त्यानं दुसऱ्याला दिला होता. भरलेले पैसे परत मिळाले, पण तेवढ्या पैशांत त्या रस्त्याला पुन्हा जागा मिळणार नव्हती. परत आल्यावर काकू मला एवढंच म्हणाल्या, "भजे गार झाले, खाऊन घे."

भांडणं पुन्हा सुरू झाली. कांद्यावरून, रॉकेलवरून, अर्ध्या पैशावरून. प्लॉटवरून मात्र कधीच नाही. मी वाट पाहत असे. एकदा तरी दोघांपैकी कोणी म्हणेल, या पोराच्यापायी गेला. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

निकाल लागला, मी पास झालो. पेढे घेऊन घरी आलो तेव्हा शेजारीण येऊन बसली होती. तिनं विचारलं, "काऊन वो, इतका चांगला प्लॉट हातचा कसा गेला तुमचा?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आम्ही दोघंबी येडे," त्या म्हणाल्या. "ध्यानच नाही राह्यलं."

काकूंच्या कुठल्याही बोलण्याला फाटा फोडल्याशिवाय न राहणारे काका ताबडतोब मान डोलावून म्हणाले, "हाव."

पेढ्यांचा पुडा हातात धरून मी दारातच उभा राहिलो.