सतरंजीवरची शांती

शिबिर घ्यायला आलेल्या त्या साहेबांचा मला पहिल्याच दिवशी तिटकारा आला. वय वाढलं की माणूस मवाळ होतो म्हणतात. या एका बाबतीत माझं तसं काही झालेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यातल्या मनोविकार विभागात मी समाजसेविका होते. रुग्णाच्या घरच्यांशी बोलायचं, घरात काय घडलं ते काढून घ्यायचं, बरं झालेलं माणूस परत घरात कसं नांदेल ते बघायचं, हे माझं काम. आळंद, हुमनाबाद, औरादकडून माणसं यायची. कुणी मराठी बोलायचं, कुणी कन्नड, कुणी दखनी, आणि भांडण पेटलं की तिन्ही भाषा एकदम.

बायकांच्या वॉर्डात एक सिस्टर होती. खजुरीची, शेतकऱ्याच्या घरची, घरात मराठी बोलणारी. अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. वॉर्डात शिरली की आया सरळ उभ्या राहायच्या. मी वयानं थोडी मोठी, म्हणून ती मला अक्का म्हणायची.

एके दिवशी दुबलगुंडीहून आलेल्या एका बाईला इंजेक्शन द्यायचं होतं. बाई दोन रात्री झोपलेली नव्हती, कुणाला जवळ येऊ देत नव्हती. डॉक्टरसाहेबांनी दारातूनच सांगितलं, मागून जा आणि देऊन टाका. सिस्टर मागून गेली. बाई गर्रकन वळली आणि तिनं सिस्टरचा गळा धरला. दोन्ही हातांनी. आयांनी बोटं उकलेपर्यंत सिस्टरचे डोळे पांढरे झाले होते.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "मनोविकार वॉर्ड आहे, सिस्टर. इथं काय गजरे मिळणार आहेत?" आणि हसले. ते आमचे विभागप्रमुख. मन या विषयातली मोठी पदवी त्यांच्या नावापुढं होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर गळ्याभोवती पदर गुंडाळून ड्युटीवर आली. पुढं तिचं वागणं बदलत गेलं. पाठीमागून कुणी हाक मारली की हातातला ट्रे खाली. जेवताना भिंतीला पाठ लावून बसायची. घास गिळायला पाणी लागायचं. आयांवर खेकसायची, मग एकटीच औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहायची. प्रमुखांनी याचं निदान केलं: "सिस्टरचे नखरे वाढलेत." दिवसभर लोकांच्या मनाचे रोग ओळखणाऱ्या माणसाला आपल्या हाताखालच्या बाईच्या गळ्यावरचे वळ दिसले नाहीत. दिसले असतील तर त्यांचा अर्थ लागला नाही. दोन्हींत मला फारसा फरक वाटत नाही.

कर्मचारी थकलेत, चिडचिडे झालेत, असं वर कळवलं गेलं असावं. कारण थोड्याच दिवसांत ते साहेब आले. आम्हाला शिकवायला.

साहेब पुण्याकडचे. परदेशात काही महिने राहून आलेले, आणि ते दर चौथ्या वाक्याला आम्हाला कळत होतं. रेशमी कुर्ता, गोरे गोरे पाय, कधी उन्हात न चाललेले. सोबत एक टेपरेकॉर्डर आणि त्यात खळाळत्या ओढ्याची कॅसेट. उन्हाळ्याचे दिवस होते. वॉर्डात नळ कोरडे, आया लांबच्या बोअरवरून घागरी आणत होत्या, आणि हा माणूस आम्हाला टेपवर ओढ्याचं पाणी ऐकवत होता.

भिंतीवर त्यांनी मज्जासंस्थेचा तक्ता लावला. मेंदू, मणका, त्यातून फुटलेल्या लाल-निळ्या रेघा. म्हणाले, भीती नुसती डोक्यात नसते, ती छातीत असते, आतड्यात असते, जबड्यात असते. तुमचं शरीर ताणलेलं असेल तर समोरच्या रुग्णाला ते न बोलता कळतं. तुमचा श्वास लांबला की त्याचा लांबतो. म्हणून आधी स्वतःच्या अंगाकडं लक्ष द्यायला शिका.

हे खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. खरं बोलणाऱ्या माणसाला आपल्या बोलण्याचा अर्थच माहीत नसावा, याचा राग जास्त येतो.

मग सतरंज्या अंथरल्या. आम्हाला उताणं झोपायला सांगितलं. डॉक्टर, सिस्टर, आया, पहारेकरी, मी, सगळे एका खोलीत. बायकांनी पदर सावरले, पायाशी पुरुष झोपलेले. याची लाज साहेबांना वाटली नाही, प्रमुखांना तर नाहीच. ते खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. दार लावून घेतलं. दिवा मालवला. ओढा खळाळू लागला.

"डोळे मिटा. पायाच्या अंगठ्यापासून सुरू करा. घोटा. पोटरी. गुडघा. जे जाणवेल ते जाणवू द्या."

साहेबांचा आवाज तुपासारखा होता. मांडी झाली, पोट झालं, छाती झाली.

"आता गळा. सगळं लक्ष गळ्यावर आणा. गळ्यात काय आहे ते बघा."

माझ्या शेजारच्या सतरंजीवर सिस्टर होती. तिचा श्वास एकदम भरभर सुरू झाला, पळून आलेल्या माणसासारखा. मी डोळे उघडले. तिच्या हाताची बोटं आत वळून ताठ झाली होती. ओठ पांढरे पडले होते.

"अक्का," ती म्हणाली, "दम घुटायलाय. हात आकडायलेत."

मी उठून बसले. साहेबांनी हात वर केला. "थांबा. कुणी हात लावू नका. आत साठलेलं बाहेर पडतंय. पडू द्या. सिस्टर, फार छान. गळ्यावरच लक्ष ठेवा."

फार छान! बाईचा जीव चालला होता आणि हा माणूस तिला शाबासकी देत होता.

मी म्हणाले, "दिवा लावा." कुणी हललं नाही. सगळे प्रमुखांकडं बघत होते आणि प्रमुख साहेबांकडं. मीच उठले, दिवा लावला, दार उघडलं, टेपरेकॉर्डरचं बटण दाबून तो ओढा बंद केला. मग तिच्या समोर जाऊन बसले. मागं नाही, समोर.

"डोळे उघड. माझ्याकडं बघ. मी कोण?"

"अक्का."

"तिकडं दार उघडं आहे. दिसायलंय का?"

"व्हय."

"पाय सतरंजीवरून खाली घे. फरशीवर ठेव. दाब जोरात. श्वासाचं सोड, पायाचं सांग. फरशी कशी आहे?"

"गार हाय."

तिला उभं केलं. भिंतीला दोन्ही तळवे लावून भिंत ढकलायला लावली, जणू भिंत पाडायची आहे. तिनं ढकलली. तिचे दंड थरथरले, मग पाय, मग सगळं अंग. थरथर मी थांबवली नाही. बोटं हळूहळू सुटली. मग आम्ही बाहेर पडलो आणि लिंबाच्या झाडाखाली उभ्या राहिलो. तिथं ती रडली नाही. शिव्या दिल्या. प्रमुखांना, साहेबांना, त्या दुबलगुंडीच्या बाईला, आपल्या नोकरीला. कन्नडमध्ये सुरू केलं आणि मराठीत संपवलं.

"मला हात दिसले अक्का," ती म्हणाली. "डोळे मिटले की तिचे हात. ह्येनं कामून डोळे मिटायला लावलं?"

संध्याकाळी प्रमुखांनी मला बोलावलं. साहेब तिथंच चहा पीत होते.

"बाई, तुम्ही प्रक्रिया मध्येच तोडलीत," साहेब दुःखी चेहऱ्यानं म्हणाले.

मी विचारलं, "तिचा गळा कुणी धरला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

साहेबांनी प्रमुखांकडं पाहिलं. प्रमुख म्हणाले, "असल्या किरकोळ गोष्टी सांगत बसलो तर शिबिर कधी घेणार?"

"तुम्ही तरी विचारलं होतं का कुणाला, कुणाच्या अंगाला काय झालंय म्हणून?" मी साहेबांना म्हणाले.

ते हसले. "इतिहासात शिरायची गरज नसते. शरीर आपलं आपण सांगतं."

"मग आज सांगितलं ना. तुम्ही ऐकलं नाही."

प्रमुखांनी मला माफी मागायला सांगितली. मी मागितली नाही. पुढं दोन वर्षं बढतीच्या वेळी त्यांना माझं नाव आठवलं नाही. पण मला घरी जाऊन झोप नीट लागली.

डोळे उघडे ठेवून बसायचं हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. मी चिंताकी गावची. धम्म घेतलेल्या पहिल्या घरांतलं आमचं एक घर. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत एक भंते आले होते. त्यांनी श्वासाकडं लक्ष देऊन बसायला शिकवलं. पण त्या वर्षी गावातल्या लोकांनी आमच्या पत्र्यांवर दगड मारले होते. आमची माणसं डोळे मिटून बसायला तयार नव्हती. भंतेंनी कुणाला भित्रं म्हटलं नाही. दाराकडं तोंड करून बसा म्हणाले, डोळे उघडे ठेवा, आणि दोघं जण बाहेर उभे राहा, मग त्यांची पाळी बदला. माझे वडील पहिल्या दिवशी बाहेर उभे होते. आधी राखण, मग ध्यान. हे त्या मातीच्या जमिनीवर बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. परदेशातून शिकून आलेल्याला मात्र दार लावून, दिवा मालवून, अनोळखी पुरुषांमध्ये बायकांना उताणं झोपवून शांती आणायची होती.

सिस्टर आणि मी ड्युटीच्या आधी औषधांच्या खोलीत बसू लागलो. पाठ भिंतीला, दार उघडं, पाय फरशीवर. ती खोलीतल्या वस्तू नुसत्या बघत जायची: बाटली, कपाट, खिडकी. मग तळपाय. मग बसलेल्या जागेचा टणकपणा. गळ्याकडं आम्ही बरेच दिवस गेलोच नाही. एकदा तीच म्हणाली, "आज गळ्यापाशी जाऊन येते." जाऊन आली. गटागटा पाणी प्यायली. "पुरं आजच्याला."

पावसाळा संपता संपता दुबलगुंडीची ती बाई पुन्हा भरती झाली. पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत. प्रमुखांनी दारातून तेच सांगितलं: मागून जा.

"न्हाई जात मागून," सिस्टर म्हणाली.

"मग दुसऱ्या सिस्टरला बोलवा."

"मीच जाते. पण पुढून. आन् तुमी दारातून सरका, तिला बाहेरचं दिसू द्या."

प्रमुखांना वॉर्डात कुणी असं बोललं नव्हतं. ते बाजूला झाले, रागानं का होईना.

सिस्टर आत गेली. चार हात अंतरावर, थोडी तिरपी उभी राहिली. हात दोन्ही समोर, उघडे. मी दाराशी होते. मला तिचे पाय दिसत होते. चप्पल काढून ती अनवाणी उभी होती, टाचा घट्ट रोवून. बाई कोपऱ्यात ताठ, बोटं वाकडी करून.

"मी हितं थांबले," सिस्टर म्हणाली. "तुझ्या मागं येणार न्हाई. कुणालाबी येऊ देणार न्हाई."

बराच वेळ काही झालं नाही. सिस्टरनं एक लांब श्वास सोडला, आवाज करून, मोळी उतरवल्यावर माणूस सोडतो तसा. थोड्या वेळानं बाईचे खांदे खाली आले. ती म्हणाली, "मला मागून धरत्यात. घरीबी मागूनच धरत्यात."

"माझाबी गळा धरला होतास तू."

बाईनं तिच्याकडं बघितलं. आठवलं की नाही, कुणास ठाऊक. "पाणी दे," म्हणाली. पाणी दिलं. मग गोळी दिली. ती बाईनं घेतली, तिच्या हातून, समोरून. इंजेक्शनची गरज लागली नाही.

बाहेर येऊन सिस्टर ओकली. मग पायरीवर बसली आणि तिचं अंग कापत राहिलं. मी जवळ बसले. "होऊ दे," एवढंच म्हणाले. तिची शुद्ध होती, डोळे उघडे होते, समोर अंगण होतं. कापणं आपलं आपण थांबलं.

यानंतर ती शूर झाली आणि तिनं आयुष्यभर मनोरुग्णांची सेवा केली, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. महिनाभरात तिनं बदली मागितली, बाळंतपणाच्या वॉर्डात. मला आनंदच झाला. "भीत न्हाई आता," ती म्हणाली, "पण हितं राहावं वाटंना. हे दोन्ही येगळं हाय न्हाई का अक्का?" मी हो म्हणाले.

साहेब मला आणखी एकदा भेटले, एका मोठ्या सभेत, मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या लोकांच्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली. गुलबर्ग्यात एक नर्स होती, भयानं ग्रासलेली. त्यांच्या एका शिबिरात तिच्या गळ्यातलं सगळं साठलेलं बाहेर पडलं आणि ती मोकळी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे प्रमुख पहिल्या रांगेत होते. त्यांनीही वाजवल्या.

मी उभी राहिले. "ती नर्स तुमच्या शिबिरातनं उठून बाहेर गेली होती. दार मी उघडलं होतं."

सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी डोळे अर्धवट मिटले, चेहऱ्यावर तेच तूप. "बाई, एवढा राग शरीरात साठवू नका. कुठं जाणवतोय तो? छातीत?"

लोक हसले. मी उभीच होते. म्हणाले, "जबड्यात. आणि तो मला उपयोगी आहे."

परत आल्यावर बाळंतपणाच्या वॉर्डात जाऊन मी सगळा प्रकार सिस्टरला सांगितला. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "टाळ्या वाजविल्या म्हणतीस?" तिनं विचारलं आणि पोट धरून हसायला लागली. आतून कुणी बाई कळ येऊन ओरडली. सिस्टर हसतच वळली आणि तिच्या डोळ्यांना दिसेल अशी, समोरून, तिच्या खाटेकडं गेली.