तक्त्यात भंगारात गेलेली गाडी

वरठीच्या फाटकाजवळचा मेकॅनिक गाडी पाहत नाही. किक मारून, डोळे मिटून ऐकतो. मालकाचं मात्र काही ऐकत नाही.

देशाचं कार्बन उत्सर्जन शून्यावर कधी, कसं येईल, याचं गणित मी संगणकावर मांडतो. परवा गाडी ढकलत नेली तेव्हा हे त्यालाही ऐकवलं. प्लग पुसता पुसता तो म्हणाला, "त्यात आमच्या गाड्यायचं काय करून राहिले तुमी?"

"पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांनी भंगारात जाते, असं धरलंय," मी ऐटीत, शुद्ध मराठीत सांगितलं.

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मागच्या बाभळीला जुन्या गाड्यांची चाकं, टाक्या, हँडलं टांगलेली होती.

"इथं गाडी मरत नाही, भाऊ. दुसऱ्या गाड्यायमंदी वाटल्या जाते."

बाभळीवरचा एक कार्ब्युरेटर काढून त्यानं माझ्या गाडीला बसवला. एका किकमध्ये ती सुरू झाली.

देशाची पुढची पन्नास वर्षं मांडणारा मी वडिलांच्या त्या गाडीवर बसून घरी आलो. माझ्या तक्त्याप्रमाणे ती मी शाळेत असतानाच भंगारात गेली होती.