काकूंचा हरणटोळ

भिंतीवर पाल दिसली की माणसं केरसुणी शोधतात. काकू श्रीखंडाचा रिकामा डबा शोधत. डबा पालीवर अलगद उपडा ठेवायचा, मागून पुठ्ठा सरकवायचा आणि दारात अंग चोरून उभ्या असलेल्या माझ्याकडे न बघताच म्हणायचं, "मिळाली. आता त्याची दोन दिवस काळजी नाही." हे सगळं त्या पोळ्या लाटता लाटता करत, आणि तव्यावरची पोळी कधी करपली नाही.

चोआ चू कांग नावाच्या परदेशी उपनगरातल्या एका ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. नव्वदच्या दशकात मी तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते आणि काकूंकडे एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. काका जहाजावर चीफ इंजिनिअर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. मूलबाळ नव्हतं. घरातला तिसरा जीव स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला, वॉशिंग मशीनला लागून ठेवलेल्या काचेच्या पेटीत राहायचा. हिरवागार, चाबकाच्या वादीसारखा बारीक, टोकदार तोंडाचा हरणटोळ. शेपूट अर्धं तुटलेलं.

मी राहायला येण्याच्या तीन वर्षं आधी ब्लॉकखालची झाडं छाटत असताना तो फांदीबरोबर खाली आला होता. कामगार फावडं उगारून धावला, तेव्हा बाजारातून परतणाऱ्या काकूंनी पिशवीतली भाजी फुटपाथवर ओतली आणि याला पिशवीत घेतलं. जखम भरली की सोडणार होत्या. पण तो पेटीतल्या फांदीवर चढे आणि घसरून पडे. "झाडावरच्या सापाचं शेपूट म्हणजे त्याचा हात," काकू म्हणत. "हात तुटलेल्याला कुठे नेऊन सोडू?"

त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या. वडिलांच्या सुपारीच्या बागेत असले साप लहानपणापासून पाहिलेले. हरणटोळ झाडावरून झेप घेऊन टाळूवर चावतो, हे मी आईकडून ऐकलेलं ज्ञान त्यांना सांगितलं, तर त्या हसल्या. "अगं, याचे विषाचे दात मागे, दाढांच्या जागी. विषही बेताचंच, पालींपुरतं. बोट तोंडात धरून चांगलं चावत बसला तर कुठे ते उतरायचं. तेवढा वेळ बोट तिथे ठेवणाऱ्याला चावलेलंच बरं." एकदा त्यांना तो चावलाही. दोन दिवस बोट सुजलं होतं. तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना त्यांनी कुकरची वाफ लागली म्हणून सांगितलं. बायकांचा विश्वास बसला नसावा. त्या काकूंना हळदीकुंकवाला बोलावत, पण काकूंकडे पाऊल टाकत नसत.

दुपारी चारला चहाचा कप घेऊन काकू पेटीसमोर स्टुलावर बसत. घरात काहीतरी जिवंत असावं असं वाटतं, असं त्या एकदा म्हणाल्या. "पण हा तर हलतसुद्धा नाही," मी म्हटलं. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे हलते?"

साप पाळणं तिथे कायद्याने चालत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण मला त्याची धास्ती बसली ती एके सकाळी लिफ्टमध्ये. खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटी माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "युवर हाऊस गॉट स्नेक, आह? पोलिस कम, ऑल ऑफ यू कॅच." पुढच्या महिन्यात माझ्या स्टुडंट पासचं, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण होतं. वडील साताऱ्याला शाळेत शिक्षक होते, आणि मुलगी परदेशात डॉक्टरेट करतेय हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पास गेला तर त्यांना काय सांगू, हा एकच प्रश्न आठवडाभर डोक्यात घोंघावत राहिला. सापाची मला भीती उरली नव्हती. भीती होती ती कागदाची.

त्या शुक्रवारी दुपारी काकू जेवून आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मी हॉलमधला फोन उचलला, वन्यप्राणी खात्याच्या कचेरीत लावला आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. नाव विचारलं तेव्हा ठेवून दिला.

सोमवारी सकाळी त्या खात्याचे दोघं आले. माणसं सभ्य होती, बूट बाहेर काढून आत आली. त्यातला तरुण अधिकारी अवघडून म्हणाला, "आंटी, दिस वन कॅनॉट कीप, लाह." मग हातातल्या कागदावर नजर टाकून त्याने विचारलं, वॉशिंग मशीनजवळची पेटी कुठे आहे? बाहेरच्या कुणालाही ती पेटी दिसण्यासारखी नव्हती. काकूंनी गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही.

तो साप पकडायचा चिमटा बाहेर काढायला लागला तसं त्यांनी त्याला थांबवलं. स्वतः झाकण उघडलं, हरणटोळाला मनगटावर घेतलं आणि अधिकाऱ्यांच्या कापडी पिशवीत उतरवलं. "गुरुवारपासून खाल्लं नाहीये त्याने," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. अधिकाऱ्याने तेही कागदावर लिहून घेतलं.

चार दिवसांनी काकूंनी त्या कचेरीत फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "इंजेक्शन देऊन झोपवला म्हणे. शेपूट नसलेला सोडता येत नाही ना." मग कुकर लावायला उठल्या.

त्यानंतर मी तिथे आठ महिने राहिले. सकाळी सहाला माझा चहा पूर्वीसारखाच तयार असायचा. मी दोन-तीनदा "काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय" इथपर्यंत आले, पण त्यांनी प्रत्येक वेळी भाजी काय करू म्हणून विचारलं. पाल दिसली की त्यांचा हात सवयीने डब्याकडे जाई. पाल पकडून झाल्यावर त्या डबा हातात घेऊन क्षणभर तशाच उभ्या राहत, मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन कुंडीत सोडून येत. त्यांचं बोलणं कमी झालं. चारचा चहा सुटला.

काका सुट्टीवर आले तेव्हा वॉशिंग मशीनशेजारची मोकळी जागा बघून म्हणाले, "अरे, आपला पाहुणा कुठाय?" मी ताटावर मान खाली घालून बसले होते. काकू माझ्या पानात भात वाढत म्हणाल्या, "आजारी पडला आणि गेला." काकांनी पुढे काही विचारलं नाही.

प्रबंध पुरा झाला, पुण्याला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी काकू मला सोडायला ब्लॉकखाली आल्या. सामान टॅक्सीत चढलं. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला धरून उठवलं आणि तसंच धरून ठेवत हळूच विचारलं, "त्या दिवशी फोन केलास, तेव्हा फार घाबरली होतीस का गं?"

मी मान डोलावली.

"मग मला उठवायचंस ना," काकू म्हणाल्या. "मी आतच तर होते."